कार्बनचा ग्राफ खाली पडला म्हणजे बाउंड्री सापडली का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: एमएस्सीच्या डिझर्टेशनसाठी हिमाचलमधल्या स्पितीतल्या एका सेक्शनमधून (एकावर एक उघडे पडलेले खडकाचे थर) ४० सॅम्पल्स घेतली, त्यातली ३ खालच्या काळ्या शेलमधल्या (चिखलापासून बनलेल्या पापुद्र्यांच्या खडकातल्या) चुनखडीच्या गोट्यांची आणि बाकी ३७ वरच्या पातळ थरांच्या चुनखडीची, कार्बन आयसोटोपचा (कार्बनच्या जड-हलक्या प्रकारांच्या प्रमाणाचा) ग्राफ काढला तर चुनखडीच्या अगदी तळाशी आकडे बरेच खाली आहेत, मग तिथे पर्मियन-ट्रायासिक बाउंड्रीची, म्हणजे या दोन भूशास्त्रीय काळांमधल्या हद्दीची, रेघ मारू का? गाइड म्हणतात फॉसिल हातात येईपर्यंत थांब. बरोबर कोण?

आधी उत्तर सांगून टाकतो. रेघ मारू नका, अजून तरी नाही. आणि गाइडचं ऐका, पण फॉसिल मिळाला की विषय संपला असं जर त्यांचं म्हणणं असेल तर तेही अर्धंच आहे. मी स्वतः पंचवीसेक वर्षं हेच काम करतोय, निम्मा वेळ हातोडा घेऊन आणि निम्मा वेळ मायक्रोस्कोपला डोळा लावून, आणि सुरुवातीच्या काळात तुम्ही जे करायला निघालात तेच करून तोंडावर आपटलोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

मुळात बाउंड्री ही काय भानगड आहे ते नीट समजून घ्या, कारण पुढचा सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. दोन शेतांच्या मधला बांध असतो ना, तो पावसाने सरकतो, नांगराने खातो, भाऊबंद त्यावरून कोर्टात जातात. मग मोजणीवाला येतो आणि एका जागी दगड रोवतो. त्यानंतर हद्द म्हणजे तो दगड, बांध कुठे दिसतोय याला अर्थ नाही. भूशास्त्रातही अगदी असंच आहे. पर्मियन संपून ट्रायासिक सुरू झाल्याची हद्द म्हणजे चीनच्या झेजियांग प्रांतातल्या मेइशान गावच्या खाणीतल्या थर क्रमांक २७सी चा तळ, बस. २००१ साली हे मान्य झालं. त्या जागी हिंडिओडस पार्व्हस नावाच्या कोनोडॉन्टची (दातासारख्या बारीक जीवाश्माची) पहिली हजेरी लागते म्हणून तो थर निवडला. जगात बाकी कुठेही तुम्ही बाउंड्री 'शोधत' नसता, तुमच्या सेक्शनमधला कुठला थर मेइशानच्या त्या थराच्या वेळचा आहे एवढंच शोधत असता. म्हणजे प्रश्न हद्दीचा नाही, वेळ जुळवण्याचा आहे, आणि वेळ जुळवायला जे जे कामाला येईल ते ते वापरायचं.

आता मेइशानलाच काय दिसतं बघा. थर २५ म्हणजे ज्वालामुखीच्या राखेची फिकट माती, जेमतेम ४ सेंटिमीटर. त्यावर २६, गडद रंगाची माती. त्यावर २७, चुनखडी, १६ सेंटिमीटर, आणि तिच्या साधारण मध्यावर २७सी चा तळ. सजीवांचा सामूहिक विनाश सुरू होतो २५ च्या तळाशी. कार्बनची मोठी घसरण त्याच्याही किंचित खाली. आणि अधिकृत बाउंड्री? ती या सगळ्याच्या वर, वीतभर अंतरावर. राखेच्या थरांतल्या झिरकॉन या खनिजाचं युरेनियम-लेड डेटिंग २०१४ मध्ये नव्याने झालं, त्यात विनाशाची सुरुवात २५ कोटी १९ लाख ४१ हजार वर्षांपूर्वी आणि बाउंड्री २५ कोटी १९ लाख २ हजार वर्षांपूर्वी निघाली, एरर काही दहा हजार वर्षांचा. म्हणजे जिथे हद्दीचा दगड आहे तिथेसुद्धा कार्बनची घसरण आणि बाउंड्री एका रेषेत नाहीत! घसरण दिसली तिथे रेघ मारली तर मेइशानमध्येच रेघ चुकेल, स्पितीची गोष्ट तर सोडाच.

मग कार्बन वापरायचा कशाला? कारण त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

कार्बनचे दोन स्थिर प्रकार, १२ आणि १३. १२ जवळजवळ ९९ टक्के, १३ एक टक्क्याच्या आसपास. झाडं आणि शेवाळ प्रकाशसंश्लेषण करताना हलका १२ जास्त पसंत करतात, त्यामुळे सजीवांपासून आलेला कार्बन हलका असतो, झाडांचा उणे २५ ते उणे २८ पर मिल (ठरवलेल्या स्टँडर्डच्या तुलनेत दर हजारी) वगैरे, आणि समुद्रात तयार होणारी चुनखडी शून्याच्या आसपास. हे मोजमाप ज्या स्टँडर्डवर आहे तेही मुळात एक फॉसिलच होतं, अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनामधला एक बेलेम्नाइट (माकूळासारखा नष्ट झालेला समुद्री प्राणी), तो वापरून वापरून संपला आणि आता त्याच्या जागी व्हिएन्नाच्या नावाने ठरवलेलं स्केल वापरतात. असो. समुद्रात आणि हवेत अचानक भरपूर हलका कार्बन ओतला गेला, ज्वालामुखीतून, जळलेल्या कोळशातून, मिथेनमधून, की जगभरच्या समुद्रात त्या वेळी बनणाऱ्या चुनखडीचा आकडा खाली येतो. समुद्राचं पाणी साधारण हजार-दीड हजार वर्षांत पूर्ण घुसळलं जातं, म्हणून भूशास्त्राच्या हिशोबात ही घसरण सगळीकडे एकाच वेळी. हीच त्याची ताकद. पर्मियनच्या शेवटी सायबेरियन ट्रॅप्सचा (सायबेरियातल्या प्रचंड ज्वालामुखी उद्रेकांचा) लाव्हा कोळशाच्या आणि क्षारांच्या थरांतून वर आला, आणि मेइशानला घसरणीचा तीव्र भाग २० हजार वर्षांच्या आत उरकलेला दिसतो. हीच घसरण इराणमध्ये दिसते, आल्प्समध्ये दिसते, काश्मीरमध्ये दिसते. कुठलाही प्राणी इतक्या झटपट आणि एकाच वेळी जगभर पोचत नाही.

पण कार्बनला नाव नसतं. लोकलमध्ये झोप लागलीय, गाडी थांबली म्हणून डोळे उघडले, तर गाडी थांबलीय एवढंच कळतं. स्टेशन कुठलं ते पाटी दिसल्याशिवाय नाही. घसरण म्हणजे गाडी थांबली. फॉसिल म्हणजे पाटी. पृथ्वीच्या इतिहासात कार्बनच्या घसरणी डझनांनी आहेत, ट्रायासिकच्या पहिल्या ५० लाख वर्षांतच आकडा वर-खाली असा झोके खातो की एखादा तुकडा कापून दिला तर तो कुठला झोका हे मीही सांगू शकणार नाही.

याचं आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे सुरत जिल्ह्यातली वस्तानची लिग्नाइट खाण. तिथे इओसीनच्या सुरुवातीचे सस्तन प्राणी, पक्षी, अंबर, काय काय सापडलंय. वय ठरवायला कार्बन काढला तर घसरणी मिळाल्या, पण त्या नक्की कुठल्या? ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची पॅलिओसीन-इओसीन सीमेवरची मोठी, की त्यानंतर साधारण २० लाख वर्षांनी आलेली तिची धाकटी बहीण? ज्याने जी पाटी वाचली त्याप्रमाणे त्याचं वय आलं, आणि शेवटी नम्युलाइट्ससारखे मोठे फोरामिनिफेरा (कवचवाले एकपेशी समुद्री जीव) आणि इतर सूक्ष्म जीवाश्म काय म्हणतात यावरच भांडण येऊन ठेपलं.

उलटी केससुद्धा आहे, आणि ती मला जास्त आवडते. पॅलिओसीन-इओसीन सीमेचा दगड इजिप्तमध्ये लक्झरजवळ दबाबियाच्या खाणीत आहे, २००३ पासून, आणि तिथे हद्दीची व्याख्याच कार्बनवर केलीय: घसरण जिथे सुरू होते तो थर. म्हणजे तिथे कार्बन हाच कायदा. तिथे मात्र तुमचं 'घसरण म्हणजे बाउंड्री' हे अक्षरशः खरं. पण तिथेही ती घसरण 'तीच' आहे हे कशावरून ठरवायचं तर खोल समुद्रातल्या तळावर राहणारे फोरामिनिफेरा त्याच पातळीला एकदम गायब होतात त्यावरून. पाटी वाचावी लागतेच.

आता फॉसिलच्या बाजूने. कोनोडॉन्ट म्हणजे दाताच्या आकाराचे ॲपेटाइट या खनिजाचे बारीक तुकडे, मिलिमीटरच्या आतबाहेर. १८५६ मध्ये त्यांचं पहिलं वर्णन झालं आणि ज्या प्राण्याचे हे दात, त्याचं ईलसारखं शरीर कसं असतं हे १९८३ मध्ये स्कॉटलंडमधल्या नमुन्यावरून कळलं. सव्वाशे वर्षं लोक मालकाचा पत्ता नसताना नुसत्या दातांवरून काळ सांगत होते आणि बरोबर सांगत होते. चुनखडी १० टक्क्यांच्या आसपासच्या ॲसिटिक ॲसिडमध्ये ठेवायची, ते बदलत राहायचं, आठवडे जातात, उरलेला गाळ चाळायचा, जड द्रवातून काढायचा आणि मग ब्रशच्या एका केसाने एकेक दात उचलायचा. दोन-चार किलो दगडातून कधी पन्नास मिळतात, कधी एकही नाही. हिमालयातले बहुतेक काळसर असतात कारण खडक तापलेला असतो, रंग फिकट पिवळ्यापासून काळा होत जातो आणि काळा म्हणजे ३०० अंशांच्या वर गेलेला. हे लक्षात ठेवा, आयसोटोपच्या भागात परत लागेल.

फॉसिलची मोठी अडचण अशी की 'पहिला सापडला' आणि 'पहिला जगला' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या सेक्शनमध्ये पार्व्हस ३० सेंटिमीटरवर मिळाला म्हणजे तो तिथे आला असा अर्थ नाही, २० सेंटिमीटरवरही असेल पण तुमच्या दोन किलोत आला नसेल, किंवा त्या वेळचं तिथलं पाणी त्याला मानवलं नसेल. शेवटच्या हजेरीचंही तेच, आणि दुर्मिळ प्राण्यांच्या बाबतीत तर जास्तच, अचानक झालेला विनाशसुद्धा खडकात हळूहळू झाल्यासारखा दिसतो. सिग्नर आणि लिप्स या दोघा जीवाश्मशास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये हे मांडलं म्हणून त्यांच्या नावाने ओळखतात. पार्व्हस जगभर एकाच क्षणी उगवला नाही हे आता कार्बनशी ताडून पाहिल्यावर दिसतंच, काही ठिकाणी तो घसरणीच्या मानाने लवकर येतो, काही ठिकाणी उशिरा. आणि हद्दीच्या दगडाखालूनच फॉसिल निघाला तर? तेही झालंय! कॅम्ब्रियनच्या सुरुवातीचा दगड न्यूफाउंडलंडच्या फॉर्च्युन हेडला १९९२ मध्ये रोवला, ट्रेप्टिक्नस पेडम नावाच्या बिळांच्या खुणेवर, आणि दहा वर्षांच्या आत तीच बिळं त्याच कड्यात दगडाच्या ४ मीटर खाली सापडली. वर आणखी गंमत म्हणजे तो सेक्शन वाळू-मातीच्या खडकांचा, म्हणजे चुनखडीतून काढतात तसा नीट कार्बनचा ग्राफ तिथे मिळत नाही, आणि जगात बाकी ठिकाणी मात्र लोक कॅम्ब्रियनचा पाया कार्बनच्या एका मोठ्या घसरणीवरून ओळखतात. आपल्या मसुरी भागातल्या क्रोल आणि ताल खडकांच्या सीमेवरही कार्बन वापरून हे काम १९८७ मध्येच छापून आलंय.

आता तुमच्या स्पितीकडे येऊ. हिमालयाचा या बाउंड्रीशी संबंध जुना आहे, ग्रीसबाख या भूशास्त्रज्ञाने १८८० च्या सुमाराला इथूनच ओटोसेरास या अमोनॉइडचं (गुंडाळलेल्या शंखाच्या समुद्री प्राण्याचं) वर्णन केलं आणि पुढे शंभर वर्षं 'ओटोसेरासचा थर म्हणजे ट्रायासिकचा पाया' हेच जगभर चाललं. मग पार्व्हस आला, दगड मेइशानला गेला, आणि आर्क्टिकमधले जुने ओटोसेरासवाले थर एका ठरावाने पर्मियनमध्ये ढकलले गेले. खडक जागचा हलला नाही, हद्द हलली. त्यामुळे जुने पेपर वाचताना 'ट्रायासिकचा तळ' असं लिहिलेलं दिसलं की आधी साल बघायचं आणि मग विश्वास ठेवायचा.

स्पितीत खाली गुंग्रीची काळी शेल, वर मिकिनची चुनखडी, आणि दोन्हींच्या मध्ये लोखंडाने लालसर-तपकिरी झालेली एक पातळ पट्टी. ती पट्टी तुम्ही पाहिली असेलच, नसेल तर परत जाऊन बघा, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिच्यात आहे. ती म्हणजे खंड. पर्मियनच्या अगदी शेवटचा काळ तिथे गाळाच्या रूपात नीट नोंदलाच गेलेला नाही. मग तुम्ही जी 'घसरण' म्हणताय ती घसरण नाहीये. तुम्ही फक्त तळ पाहिलाय, खाली उतरणारा जिना कापलेला आहे. आणि ज्या ३ सॅम्पल्सच्या तुलनेत तुम्ही घसरण म्हणताय ते शेलमधले गोटे आहेत, त्यांची चुनखडी समुद्राच्या पाण्यातून थेट बसलेली नसते, चिखलात पुरल्यावर सडणाऱ्या सेंद्रिय कार्बनमधून बनते, त्यामुळे तिचा आकडा समुद्राचा नसतो. ती ३ सॅम्पल्स ग्राफमधून काढाच, किंवा वेगळ्या चिन्हाने दाखवा. शेलमधला कार्बन हवा असेल तर त्यातला सेंद्रिय कार्बन वेगळा काढून मोजा, पण त्याचा ग्राफ वेगळा, चुनखडीच्या ग्राफला जोडायचा नाही, आणि त्यातही जमिनीवरच्या झाडांचं आणि समुद्रातल्या शेवाळाचं प्रमाण बदललं की आकडा बदलतो, समुद्राला काहीही झालेलं नसताना.

इथेच मी आपटलो होतो. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी अशाच एका पट्टीच्या वर मला ४ पर मिलची देखणी घसरण मिळाली, लॅबमध्ये सगळ्यांना सामोसे खिलवले, कॉन्फरन्सचा ॲबस्ट्रॅक्टही पाठवला. महिन्याभराने एका सीनियरने शांतपणे विचारलं की ऑक्सिजनचा कॉलम कुठाय. मशीन कार्बनबरोबर ऑक्सिजनच्या आयसोटोपचे आकडेही देतंच, मी तो बघितलाच नव्हता. बघितला तर तोही कार्बनबरोबर हातात हात घालून खाली गेलेला, उणे १३ वगैरे. म्हणजे समुद्र नाही, नंतर आत शिरलेलं गोडं पाणी आणि उष्णता. समुद्र मागे हटून चुनखडी उघडी पडली की पावसाचं पाणी मातीतला हलका कार्बन घेऊन आत मुरतं आणि अगदी सीमेवरच, जिथे आपल्याला हवी असते तिथेच, खोटी घसरण बनवतं. ॲबस्ट्रॅक्ट मागे घेतला. सामोशांचे पैसे गेले ते गेलेच.

त्यामुळे तुमच्या ३७ आकड्यांचं आधी एवढं करा: कार्बन एका अक्षावर, ऑक्सिजन दुसऱ्यावर, ठिपके टाका. सरळ रेषेत तिरके लागले तर सावध व्हा. ऑक्सिजन उणे १० च्या खाली असलेली सॅम्पल्स संशयित. मँगनीज आणि स्ट्रॉन्शियमचं गुणोत्तर काढता आलं तर उत्तम, ते वाढलेलं असेल तर खडकात नंतर फेरफार झालाय. पावडर काढताना पांढऱ्या कॅल्साइटच्या शिरांना ड्रिल लागू देऊ नका, बारीक दाण्याचा करडा भागच घ्या, मशीनला १०० मायक्रोग्रॅम पुरतं त्यामुळे हावरटपणा करायचं कारण नाही. कोनोडॉन्ट काळे निघाले तर खडक किती भाजलाय तेही आपसूक कळेल. मात्र भाजल्याने कार्बन बिघडतोच असं नाही, चुनखडीतला कार्बन ऑक्सिजनपेक्षा बराच चिवट असतो.

आणि सॅम्पलिंग. ४० सॅम्पल्स किती मीटरमधून घेतली ते तुम्ही लिहिलेलंच नाही. बाउंड्रीच्या आसपास ५ सेंटिमीटरपेक्षा मोठं अंतर ठेवलंत तर मेइशानमध्ये जे वीतभर जागेत घडलंय ते तुमच्या दोन सॅम्पल्सच्या मध्येच हरवेल. आयसोटोपचं आणि कोनोडॉन्टचं सॅम्पल एकाच थरातून, एकाच नंबरने घ्या. हे सांगायला लागू नये, पण मी अशा थिसिस तपासल्यात जिथे आयसोटोप एका वर्षी आणि कोनोडॉन्ट दुसऱ्या वर्षी, शंभर मीटर पलीकडच्या ओढ्यातून गोळा केलेत, आणि दोन्ही एका ग्राफवर चिकटवलेत.

स्पितीत खंड आहे म्हणून काम वाया गेलं असं मुळीच नाही. तळाच्या चुनखडीत ओटोसेरास आणि पार्व्हस मिळाले तर 'बाउंड्री या पट्टीत किंवा तिच्या लगेच वर आहे' एवढं ठामपणे म्हणता येतं, आणि ते प्रामाणिक वाक्य आहे. पूर्ण जिना बघायचा असेल तर श्रीनगरजवळ खोनमोहची गुरयुल दरी. तिथे झेवान खडकांवर खुनामुहची शेल आणि चुनखडी येते, गाळ जाड आहे, क्लाराया शिंपल्यांपासून पार्व्हसपर्यंत सगळं क्रमाने मिळतं, आणि बाउंड्री दोन फॉर्मेशन्सच्या (झेवान आणि खुनामुह या खडकगटांच्या) सांध्यावर नाही तर थोडी वर, शेलच्या आत बसते. सांधा उठून दिसतो म्हणून तिथे बोट ठेवायचा मोह होतो, पण डोळ्याला दिसणारी सीमा आणि काळाची सीमा वेगळी. आणि स्पितीतच पिन खोऱ्यातल्या मुद गावाजवळचा सेक्शन ट्रायासिकमधल्याच वरच्या एका हद्दीच्या, इंडुअन आणि ओलेनेकियनच्या, दगडासाठी उमेदवार म्हणून सुचवला गेला होता. तिथे कोनोडॉन्टच्या जोडीला कार्बन वर जातो, म्हणजे शिखर, घसरण नव्हे. तुमचा सेक्शन पुरेसा वरपर्यंत जात असेल तर ते शिखर सापडतंय का बघा. सापडलं तर तुमच्या ग्राफला वरच्या टोकाला एक खुंटी मिळेल आणि मग तळाचा आकडा कुठे बसतो ते बरंच स्पष्ट होईल.

महाराष्ट्रातलं कोणीतरी विचारणारच की हे दख्खनच्या लाव्ह्यामधल्या थरांवर करता येईल का, डायनासोरच्या शेवटाची सीमा शोधायला. आपल्याकडचे बहुतेक इंटरट्रॅपियन थर गोड्या तळ्यांचे, शंखांचे आणि ऑस्ट्राकोडचे (बारीक कवचवाल्या जलचरांचे). तळ्याचा कार्बन त्या तळ्यापुरता असतो, आजूबाजूची झाडं आणि बाष्पीभवन बघून बदलणारा, तो जगाच्या ग्राफशी जुळवू नका. आंध्रात राजमहेंद्रीला लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये समुद्री थर आहेत आणि त्यात सीमेनंतरच्या डेनियन काळातले तरंगते फोरामिनिफेरा मिळालेत, तिथे ही चर्चा होऊ शकते.

तर पुढच्या सीझनला जाताना पट्टीच्या वरच्या पहिल्या एक मीटरमधून दर ५ सेंटिमीटरला सॅम्पल घ्या, कोनोडॉन्टसाठी प्रत्येकी तीन किलो, म्हणजे साठेक किलो दगड होतो, खेचरवाल्याशी भाव आधी ठरवा. पिशवीवर नंबर बाहेरून मार्करने आणि आत चिठ्ठीवर पेन्सिलीने, दोन्हीकडे, कारण रोहतांगच्या पावसात मार्कर पुसला जातो. डिझर्टेशनची तारीख त्याच्या आधी असेल तर ग्राफवर रेघेऐवजी राखाडी पट्टा काढा, लाल थराच्या तळापासून पहिल्या ओटोसेरासपर्यंत, आणि शेजारी ऑक्सिजनचा ग्राफ छापा. तो परीक्षकांनी मागायच्या आधीच छापा.